वाचक विचारतात : दुखरा गुडघा आणि डॉक्टरांशी बोलणं

गुडघेदुखीवर आलेल्या पत्रांत औषधाचं नाव विचारणारी थोडीच आहेत. 'डॉक्टर सांगतात ते पटत नाही, पण विचारायचं कसं?' असा सूर बहुतेक पत्रांत आहे. म्हणून या वेळी भर बोलण्यावर. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं वाचून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका किंवा नव्या सुरू करू नका. अंक घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

आईचं वय ५८, भातशेती. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. बेळगावात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, 'ग्रेड तीन, हाडावर हाड आलंय, आज ना उद्या ऑपरेशन' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तेव्हापासून आई पायरी चढायलाही घाबरते. इतकं बिघडलंय का? लावणी तोंडावर आहे.
— खानापूर तालुका

नुसत्या ग्रेडवरून ते सांगता येत नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये ही ० ते ४ ची मोजपट्टी मांडली. सांध्यातली फट किती अरुंद झाली आणि कडेला हाडाचे काटे किती वाढले, एवढंच ती मोजते. दुखणं मोजत नाही. ज्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीज झाली म्हणतात, तिला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू व कंडरा. त्यामुळे ग्रेड चार असून बाजारहाट करणारी माणसं असतात आणि ग्रेड एक असून रात्रभर कण्हणारीही.

मुळात या झिजेच्या संधिवाताच्या (ऑस्टिओआर्थ्रायटिस) निदानासाठी बऱ्याचदा एक्स-रे लागतच नाही. वय ४५ च्या पुढे, हालचालीने वाढणारं दुखणं, आणि सकाळचा ताठरपणा नसणं किंवा अर्ध्या तासात सुटणं, एवढ्यावर निदान करावं, असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते. चित्र याहून वेगळं असेल तर मात्र तपासण्या हव्यातच. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळी तास-तासभर बोटंही वळत नसतील तर आमवाताचा विचार करावा लागतो. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. एक गोष्ट हमखास सुटते: खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. आडवं झोपवून खुबा फिरवून पाहायला मिनिटही लागत नाही. आईंचा तसा पाहिला नसेल तर पाहायला सांगा.

'हाडावर हाड' ऐकून माणूस चालणं सोडतो. मग मांडीचा स्नायू बारीक होतो, सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं खरोखर वाढतं. चालल्याने गुडघा 'संपत' नाही, हे आईंना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

पुढच्या वेळी जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या. 'गुडघा दुखतो' यावरून डॉक्टरांना फार कळत नाही. 'संडासात बसायला येतं, उठायला येत नाही', 'बांधावरून उतरताना गुडघा लचकतो', 'रात्री दोनदा जाग येते' यावरून कळतं. दुसरं, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट न्या, बी.पी.च्या, शुगरच्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही. तिसरं, तीन प्रश्न विचारा: माझ्यासाठी पर्याय कोणकोणते? प्रत्येकाचा फायदा-तोटा किती? आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल? तिसऱ्याचं उत्तर ऐकून बऱ्याच घरांत हायसं वाटतं. हे दुखणं कॅन्सरसारखं धावत नाही, विचार करायला काही महिने गेले म्हणून संधी हुकत नाही.

लावणीबद्दलही डॉक्टरांना उघड सांगा. 'शेत बंद करा' हा सल्ला घरी पोचेपर्यंत टिकत नाही. त्यापेक्षा ते १५ दिवस कसे निभवायचे ते ठरवा. चिखलात वाकून लावण्याचं काम दुसऱ्याने करावं, तरवा काढायचं काम आईंनी बुटक्या स्टुलावर बसून. त्या दिवसांपुरतं मलम नियमाने, गोळी चालणार असेल तर किती दिवस तेही आधीच लिहून घ्या.

वय ५२, विड्या वळते. दिवसभर मांडीवर सूप. गुडघ्याला दुखीचं मलम लावते, काही उपयोग नाही. गोळी घेतली की बरं वाटतं, म्हणून सहा महिने रोज एक घेते. बी.पी.ची गोळी चालू आहे. डॉक्टरांना गोळीचं सांगितलेलं नाही, रागावतील.
— निपाणी

रागावले तरी सांगा. या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे.

मेडिकलमध्ये 'गुडघ्याची गोळी' म्हणून मिळते ती बहुधा अॅसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची जोडगोळी. त्यातल्या अॅसिक्लोफेनॅकच्या जातीची औषधं बी.पी. वाढवतात, अंगात पाणी धरतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आता बी.पी.च्या पाकिटावर बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल यांपैकी काही आहे का? नावापुढे 'एच' आहे का? 'एच' म्हणजे आत लघवी वाढवणारं औषधही आहे. ही दोन आणि वर वेदनाशामक, अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बंद पडण्याचा धोका वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हात पाणी कमी पडलं की जास्तच. म्हणून याच आठवड्यात बी.पी. मोजून घ्या आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासा. शौचाला डांबरासारखं काळं होणं, पाय सुजणं, लघवी कमी होणं, दम लागणं यांतलं काही दिसलं तर दुखण्याची गोळी थांबवून लगेच दाखवा. सोबतची अॅसिडिटीची कॅप्सूल पोटाला राखते. मूत्रपिंडाला आणि हृदयाला तिचा काही आधार नाही.

मलमाचा उपयोग का होत नाही? बहुधा दोन कारणं. एक म्हणजे ट्यूब कोणती. लावल्यावर झोंबणारी-थंडावणारी पुष्कळ मलमं नुसती मेंथॉलची असतात. ट्यूबवर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक लिहिलेलं हवं. दुसरं, प्रमाण. हरभऱ्याएवढं लावून भागत नाही. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून ३-४ वेळा लागतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम भरतो. म्हणजे निदान चार पेरं. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला पाच दिवस पुरली तर ती बरोबर वापरली. महिनाभर पुरत असेल तर औषध लावल्यासारखं झालं, लागलं नाही. गुडघ्याच्या पुढून, दोन्ही कडांना, मागे हलकं पसरा, रगडू नका, वरून शेक देऊ नका, आणि दोन आठवडे तरी नियमाने लावून मग हिशेब करा. विडीच्या पानाला हात लावण्याआधी हात धुवा. रक्तात उतरणारा अंश गोळीपेक्षा बराच कमी, म्हणून गुडघ्याला आधी मलम आणि मग गोळी, हा क्रम. मूत्रपिंड आधीच अधू असेल तर मलमसुद्धा विचारूनच.

सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मांडी घालण्याऐवजी भिंतीला टेकून एक पाय लांब, किंवा बुटक्या बाकड्यावर बसा, आणि अर्ध्या तासाने एकदा उठा. मोबदला नगावर असतो, उठल्याने हात थांबतो, हे मान्य आहे. तरीही एवढी अदलाबदल परवडते.

गुडघ्यातलं 'वंगण' संपलंय, ते भरायचं इंजेक्शन घ्या असं सुचवलंय. दुसरीकडे पी.आर.पी., म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट जास्त असलेला द्रव टोचणं, सुचवलं. कोणतं घ्यावं?
— चिकोडी

वंगण संपलेलं नसतं. सुजलेल्या गुडघ्यात तर पाणी जास्तच असतं. वंगण म्हणून टोचतात त्या हायलुरोनिक अॅसिडच्या इंजेक्शनांवरच्या १६९ चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये 'बी.एम.जे.' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. खोट्या इंजेक्शनापेक्षा फरक निघाला तो पेशंटला जाणवण्याइतका नव्हता, आणि गंभीर त्रासाचं प्रमाण थोडं जास्त होतं. पी.आर.पी.ची ऑस्ट्रेलियातली २८८ जणांवरची चाचणी २०२१ ची. वर्षभरानंतर ते घेणारे आणि नुसतं मिठाचं पाणी टोचून घेणारे यांच्या दुखण्यात फरक दिसला नाही, कूर्चाही वाचली नाही. आमचं मत: हे पैसे फिजिओथेरपीवर घाला.

स्टिरॉइडचं इंजेक्शन ही तिसरी गोष्ट, ती याहून जुनी आणि स्वस्त. सूज फार असेल तेव्हा काही आठवडे उतार पडतो, कायमचा नाही. मधुमेह असेल तर काही दिवस शुगर चढते, घरी मोजत राहावं लागतं. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं टोचत राहिलं तर कूर्चा जास्त झिजते आणि दुखण्यात फायदा नसतो, असं २०१७ च्या अमेरिकन चाचणीत दिसलं. येत्या तीन महिन्यांत सांधा बदलायचा विचार असेल तर घेऊच नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

यंत्रमागावर दिवसभर उभा असतो. वय ४९, वजन ८४. 'जिने चढू नका, मांडी घालू नका, चालू नका' सांगितलंय. मग करायचं काय ते कुणीच सांगत नाही.
— वडगाव, बेळगाव

'करू नका'ची यादी देऊन पेशंटला घरी पाठवणं सोपं असतं. करायचं ते असं.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील इतकी ती उंच हवी. कमी पडली तर घडी केलेली गोधडी घाला. पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण उतरताना भार धरणं हेच तर मांडीला शिकवायचंय. गुडघा आत वळत असेल तर समोर आरसा ठेवा. ८ ते १० वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून पुन्हा, अशा २-३ फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटू लागलं की गोधडी काढा, नंतर हातात पाण्याच्या बाटल्या घ्या. याच्या जोडीला पाठीवर झोपून, एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ वीतभर उचलून पाच आकडे धरणं, १० वेळा. आणि कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं, १० वेळा.

दुखणार, पण किती चालेल? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असं धरलं तर पाचपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकं व्हायला हवं. नाही झालं तर फेरी कमी करा, बंद करू नका. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि 'व्यायामाने काही होत नाही' म्हणतात.

वजनाचा हिशेब: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. तुमच्यासाठी पहिलं लक्ष्य ५ टक्के, म्हणजे चार-सव्वाचार किलो. १० टक्क्यांत फायदा आणखी वाढतो. मागावर एका जागी ताठ उभं राहण्यापेक्षा पाय बदलत राहा. काठी लागलीच तर दुखऱ्या पायाच्या उलट हातात, मूठ मनगटाच्या घडीएवढ्या उंचीवर. लोक हटकून दुखऱ्या बाजूलाच धरतात.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. सकाळी ५०-६० पेशंट. 'निर्णय पेशंटबरोबर घ्या' हे ऐकायला बरं वाटतं, पण पेशंट म्हणतो 'तुम्हीच सांगा डॉक्टर'. पाच मिनिटांत हे बसवायचं कसं?
— एक डॉक्टर वाचक

एका भेटीत बसवूच नका. हे दुखणं वर्षानुवर्षं तुमच्याकडे येणार आहे, तोच फॅमिली डॉक्टरचा फायदा. ग्लिन एल्विन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत: पर्याय आहेत आणि आपण मिळून ठरवू हे सांगणं, पर्याय समजावणं, मग ठरवणं. पहिली पायरी आणि तपासणी आज, बाकीच्या दोन पंधरवड्यानंतर.

आजचा पहिला प्रश्न 'कुठे दुखतं?'च्या पुढे न्या: 'या गुडघ्यामुळे काय करायचं राहून जातंय?' कुणी सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगराचं सांगेल, कुणी नातवाला उचलण्याचं. ते केसपेपरवर पेशंटच्याच शब्दांत लिहा. पुढच्या भेटीत विचारायचं ते तेवढंच. सोबत आलेला मुलगा उत्तर देऊ लागला तर त्याला थांबवून 'आधी आजींचं ऐकू' म्हणा. घरी मराठी बोलणाऱ्याला कन्नडमधून आणि कन्नड बोलणाऱ्याला मराठीतून समजावलं तर मान हलते, डोक्यात काही जात नाही. स्वतःला ती भाषा येत नसेल तर कंपाउंडरला मधे घ्या.

पर्याय सांगताना 'बहुतेकांना बरं वाटतं' टाळा, '१०० पैकी इतक्यांना' म्हणा. केसपेपरच्या मागे तीन रकाने आखा: काय करायचं, फायदा, त्रास. एका वेळी एकच बदल करा. मलम, गोळी आणि पट्टा एकाच दिवशी दिलात तर कशाने बरं वाटलं ते तुम्हालाही कळणार नाही.

'तुम्हीच सांगा' हे उत्तरही मानायचं असतं. मात्र लगेच सांगू नका. 'सांगतो. पण आधी कळू दे, गोळ्या नकोशा वाटतात की व्यायामाला वेळ नाही?' एवढं विचारून मग तुमचं मत कारणासकट द्या. शेवटी 'समजलं ना?' नको, त्याला सगळे 'होय' म्हणतात. 'घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?' विचारा. चुकलं तर तुमचं सांगणं चुकलं, पुन्हा सांगा. आणि दाराशी उभं राहून 'आता वय झालं, चालायचंच' हे वाक्य तेवढं गाळा. एवढ्या वाक्याने पेशंट पुढची दोन वर्षं मेडिकलच्या गोळ्यांवर काढतो.

वडील ७२ वर्षांचे. डॉक्टर सांधा बदला म्हणतात, आम्ही मुलं तयार आहोत, वडील नको म्हणतात. त्यांना कसं तयार करावं?
— संकेश्वर

तयार करण्याआधी 'नको'चं कारण विचारा. खर्चाची भीती, मुलांवर भार, भूल, गावात कुणाचं तरी बिघडलेलं ऑपरेशन की 'माझं भागतंय', यांपैकी काय आहे त्यावर उत्तर बदलतं. माहिती नीट समजून त्यांनी 'नको' म्हटलं तर तो निर्णय त्यांचा. पुढे मन बदललं तर दार उघडं असतं. नुसत्या वयामुळे ते बंद होत नाही.

आकडे त्यांच्यासमोर मांडा. बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात, असं सांधाबदलाच्या परदेशी नोंदवह्यांच्या २०१९ च्या आढाव्यात आहे; ७२ व्या वर्षी म्हणजे बहुधा जन्मभर. पण १०० पैकी १० ते २० जण ऑपरेशननंतरही समाधानी नसतात. सुमारे एकाला खोल जंतुसंसर्ग होतो. आधाराने चालणं सहा आठवडे, बरंचसं सावरायला तीन महिने, पूर्ण एक वर्ष. उकिडवं आणि मांडी घालून बसणं बहुधा सुटतं. देवघरात पाट आणि घरात भारतीय संडास असेल तर ऑपरेशनआधीच सोय करा. दोन्ही गुडघे एकदम केल्यास हृदय-फुप्फुसांवर ताण वाढतो, तो प्रश्न वेगळा विचारा. दातांचं किंवा त्वचेचं इन्फेक्शन आधी बरं करा, शुगर ताब्यात आणा.

खर्चाचं: 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' योजनेत बी.पी.एल. (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ए.पी.एल.ला (रेषेवरच्यांना) पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत अशी रचना आहे. त्यासाठी सहसा सरकारी दवाखान्याची शिफारस लागते, म्हणून थेट खासगीत भरती होऊ नका. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. दोन्हीकडे भरतीच्या आधी योजनेच्या कक्षात विचारा: या रुग्णालयात गुडघ्याचं पॅकेज आहे का, कृत्रिम सांधा त्यात धरलाय का? रोखीने करत असाल तर, केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याला ती ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. आजची मर्यादा विचारून घ्या. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच वेगळी मागा.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या. पर्याय आणि मोठे धोके सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसरं मत घ्यायचं असेल तर कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात.

जत्रेतून आणलेल्या पुडीने आजीचे गुडघे दोन दिवसांत बरे झाले. चालू ठेवावी का?
— अथणी

दोन दिवसांत इतका उतार म्हणजे पुडीत स्टिरॉइड मिसळल्याची शंका घ्यावी. चेहरा गोल होणं, कातडी पातळ होऊन काळेनिळे डाग पडणं, शुगर-बी.पी. चढणं ही खूण. पुडी आठवडाभरच घेतली असेल तर थांबवून डॉक्टरांना दाखवा. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस चालू असेल तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर झोपलेलं असतं, आणि उलट्या, चक्कर, बी.पी. उतरून जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी तशीच घेऊन दवाखान्यात जा, टाकून देऊ नका.